दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला शब्द

३१ वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. परीक्षेच्या वेळी कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, कुणाच्या पट्टीच्या पाठीवर सूत्रं खरडलेली आहेत, हे मला वर्गाच्या दारातूनच कळायचं. निवृत्त झाले, गाण्याचे कार्यक्रम वाढले आणि मीच चिठ्ठी घेऊन बसायला लागले. फरक एवढाच की माझी चिठ्ठी उघड असायची, पेटीवर पसरलेली.

गाण्यात वही ठेवणं ही तशी लपवायची गोष्ट नाही. रत्नागिरीत, चिपळुणात, कुठेही भावगीतांच्या कार्यक्रमाला जा, गाणाऱ्याच्या पुढ्यात जाड डायरी असतेच. लता मंगेशकर ध्वनिमुद्रणाआधी गाणं स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून घ्यायच्या, आणि त्यांच्या जाहीर कार्यक्रमांच्या चित्रफितींत हातात कागद दिसतो. त्यामुळे डायरीची मला कधी लाज वाटली नाही. माझी डायरी १९८९ सालची, कुणीतरी फुकट वाटलेली. तिच्यात दीडशेच्या वर गाणी आहेत. पानांना उदबत्तीचा वास, कडा पावसाळ्यात ओल धरून फुगलेल्या, आणि काही गाण्यांच्या मधोमध किराण्याचे हिशेब.

चाळिशी लागली आणि डायरीतलं बारीक अक्षर पेटीच्या अंतरावरून दिसेना. वाचायचा चष्मा लावला तर समोरचे लोक धुरकट, काढला तर शब्द धुरकट. भाच्याने पानांचे फोटो काढून मोबाइलमध्ये घालून दिले. बोटांनी ताणलं की अक्षर मोठं. मला वाटलं, सुटले.

मग ती दिवाळी पहाट आली. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, नरकचतुर्दशीला साडेपाचला कार्यक्रम. लोक कारीट फोडून, अभ्यंगस्नान करून थेट मंडपात आलेले, उटण्याचा वास दरवळतोय. पेटी मी स्वतःच वाजवते, म्हणजे डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि मोबाइल पेटीच्या डोक्यावर टेकवलेला. सहावं गाणं, तीन अंतऱ्यांचं एक जुनं भावगीत. पहिला अंतरा झाला, ध्रुवपदावर आले, दुसरा उचलायला पडद्याकडे बघितलं, तर तिथे शब्दांच्या जागी माझ्या आत्याचा चेहरा. पुण्याहून व्हिडिओ कॉल. डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला, मागे कंदील. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला.

आवाज बंद केलेला होता म्हणून निदान वाजला नाही. कॉल कापायला हात मोकळा नव्हता. ध्रुवपद पुन्हा घेतलं. आत्या अजून वाट बघतेय. तबलजीने माझ्याकडे बघून एक तिहाई फुकट घातली. मी पहिलाच अंतरा परत गायला घेतला, पण त्याच्या शेवटी पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहिले. तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी, खुर्चीत बसल्या बसल्या, दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला शब्द मोठ्याने म्हटला. सगळा मंडप हसला, मीही हसले, आणि पुढचं गाणं आपोआप आलं. अख्खा अंतरा, एका शब्दापाठोपाठ दुसरा, एकही चूक न होता.

त्याचं मला त्या वेळी नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

घरी आल्यावर मात्र रडू आलं. चाळीस वर्षं गातेय आणि तिसरीतल्या पोरासारखी अडले. भाच्याने समजूत घालायला मोठमोठ्यांच्या गोष्टी काढल्या. १९६० साली बर्लिनच्या मैफलीत अमेरिकेची जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड चालू गाण्यात शब्द विसरली, तर थांबायच्या ऐवजी आपण विसरलो आहोत हेच गाण्यात घालून तिने जागच्या जागी ओळी रचल्या, आणि त्या ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी मिळालं. तिथलाच गायक फ्रँक सिनात्रा उतारवयात टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे शब्द दाखवणारा पडदा, लावून गायचा. आणि डिसेंबर २०१६ मध्ये स्टॉकहोमला, गीतकार-गायक बॉब डिलनच्या नोबेलच्या समारंभात, गायिका पॅटी स्मिथ त्याचं गाणं म्हणताना दुसऱ्या कडव्यात अडकली. सगळ्यांची माफी मागून तिने ते पुन्हा घेतलं. नंतर तिने लिहिलं होतं की मी शब्द विसरले नव्हते, ते आतून बाहेर काढता येत नव्हते. हे शेवटचं ऐकून मी डोळे पुसले. माझंही अगदी तेच झालं होतं. आणि तिचंही दुसरंच कडवं!

पण त्यातून शिकायच्या ऐवजी मी टॅब घेतला.

दहा इंची, चांगला महागाचा. विमान मोड लावला की आत्या येणार नाही, पडदा मोठा, अक्षर मोठं. सुरुवातच खडतर झाली. गाणी टाइप करून घेतली होती एका झेरॉक्सच्या दुकानात, जुन्या फॉन्टमध्ये. टॅबवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. मग तीस गाणी मी स्वतः युनिकोडमध्ये बसून टाइप केली. पान उलटायला भाच्याने ब्लूटूथवर चालणारं पायाचं पेडल आणलं. आता हे पेडल काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहून गाणारा किंवा खुर्चीवर बसून पियानो वाजवणारा माणूस असणार. आम्ही मांडी घालून बसतो. पाय कुठे आहे मोकळा? शेवटी पेडल उजव्या गुडघ्याखाली सरकवलं. गुडघा दाबला की पान उलटतं. पण तासाभराने पायाला मुंग्या येतात, माणूस मांडी बदलतो, आणि मांडी बदलली की दोन पानं एकदम पुढे. माघी गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात मी एका गाण्याच्या ध्रुवपदाला पुढच्या गाण्याचा अंतरा जोडण्याच्या बेतात होते.

तरी ते निभलं. रामनवमीला निभलं नाही. संध्याकाळी सातचा कार्यक्रम, उघडा मांडव, दिवसभराचे खारे वारे पडलेले, हवा चिकट. बोटाला घाम, आणि घामेजल्या बोटाला तो काचेचा पडदा दाद देत नाही. पदराला बोट पुसावं तर तान अर्धवट. त्यात मांडवातला सगळ्यात उजळ चौकोन माझ्या पेटीवर, मग पाखरं येणारच. एक हिरवट किडा अंतऱ्याच्या मधल्या ओळीवर असा बसला की ती ओळ त्याच्या पायांखाली. मी फुंकर मारली ती माइकमधून अख्ख्या गावाने ऐकली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. खरा धक्का दिला त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगने. त्या रात्री एकही शब्द चुकला नव्हता, आणि तरी गाणं रटाळ होतं. सूर बरोबर, ताल बरोबर, पण प्रत्येक ओळ केसभर उशिरा उठत होती. कारण मी आधी वाचत होते, मग गात होते. आणखी एक गोष्ट कानाला खटकली, ती कळायला रेकॉर्डिंग तीनदा ऐकावं लागलं. मी भलत्याच ठिकाणी श्वास घेत होते. टॅब समोर धरून ताडून पाहिलं. अक्षर मोठं केल्यामुळे लांब ओळी पडद्याच्या कडेला तुटून खाली गेल्या होत्या, आणि जिथे ओळ तुटली होती तिथे माझा श्वास तुटला होता. विशेषण वरच्या ओळीत, नाम खालच्या ओळीत, मध्ये माझा श्वास. टॅबने माझं गाणं नव्याने बांधून दिलं होतं!

आमच्या आळीत एक काका राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी संगीत नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. रत्नागिरीला संगीत नाटकाचं वेड जुनं आहे, राज्य स्पर्धेतली संगीत नाटकं इथल्या सावरकर नाट्यगृहात बघायला लोक आजही गर्दी करतात. काका मात्र त्याच्याही आधीच्या, मांडवातल्या आणि गावच्या उत्सवातल्या नाटकांचे. ते त्या रामनवमीला मांडवाबाहेर बाकावर बसले होते, म्हणजे त्यांना मी दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना प्रसाद द्यायला गेले तर म्हणाले, "काल वाचत होतीस गो तू."

मी टॅबचं रामायण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग आतून एक वही आणायला लावली. लाल कापडी पुठ्ठ्याची, प्रॉम्प्टिंगची वही. संवाद पूर्ण लिहिलेले, पण पदांच्या, म्हणजे नाटकातल्या गाण्यांच्या, जागी प्रत्येक ओळीचा फक्त पहिला शब्द, बास. समासात खुणा. कुठे उभी रेघ, कुठे टिंब, कुठे पेन्सिलीने काढलेली चंद्रकोर. टिंब म्हणजे इथे हा नट नेहमी अडतो. चंद्रकोर म्हणजे इथे तो मुद्दाम थांबतो, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

"आख्खी ओळ देणारा प्रॉम्प्टर नटाला मारतो," काका म्हणाले. "ओळ त्याच्याकडे असतेच. त्याला चावी हवी असते. ती पण वेळेवर. अडल्यावर दिलीस तर उशीर, आधी दिलीस तर तो तुझ्याकडे बघतो. त्याने श्वास घेतला की त्या श्वासात द्यायची."

"पण तो अडलाय की थांबलाय हे कळायचं कसं?"

"तीच तर नोकरी," ते म्हणाले, आणि चहा सांडला म्हणून त्यांच्या सुनेने वही उचलून नेली.

तेव्हा मला पहिल्या रांगेतल्या आजी आठवल्या. त्यांनी एकच शब्द दिला होता आणि अख्खा अंतरा उलगडला होता. ओळीच्या पोटात आपण सहसा विसरत नाही, कारण प्रत्येक शब्द पुढच्याला हात देतो. अडतं ते जोडावर. आणि दुसऱ्या अंतऱ्याचा जोड सगळ्यात कच्चा, कारण चाल पहिल्या अंतऱ्याचीच असते. एकच जिना, दोन खोल्यांकडे जाणारा. चाल तुम्हाला वरपर्यंत नेऊन सोडते, पण कुठल्या दारात शिरायचं ते सांगत नाही.

मे महिन्यात, आंब्याची गडबड ओसरल्यावर, मी टॅब नातीला कार्टून बघायला देऊन टाकला आणि कामाला लागले. पहिल्यांदा काकांनी सांगितलं तसं गाणी चाल काढून नुसती बोलायची. वाटतं तितकं सोपं नाही. चालीशिवाय मला निम्मी गाणी येतच नव्हती! चाल काढली की शब्द जमिनीवर पडायचे. स्वयंपाक करताना, नारळ खवताना, आरे-वारेच्या रस्त्याने स्कूटरवरून जाताना मी कवितेसारखी गाणी म्हणायचे. हेल्मेटमध्ये ऐकू कोणाला येतंय.

जोडांची युक्ती मिळाली ती वेदपाठशाळेत शिकलेल्या एका गुरुजींकडून. सत्यनारायणाला आले होते, सहज विषय निघाला. त्यांनी क्रमपाठ, म्हणजे वेद पाठ करायची एक रीत, समजावला. पहिलं पद, म्हणजे शब्द, दुसऱ्याबरोबर म्हणायचं, मग दुसरं तिसऱ्याबरोबर, तिसरं चौथ्याबरोबर. म्हणजे प्रत्येक पद दोनदा येतं, एकदा शेवट म्हणून, एकदा सुरुवात म्हणून. जटापाठात त्याच जोडीची उलटसुलट वीण: पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं. गणिताच्या बाईला याहून गोड काय लागणार? मी ते ओळींना लावलं. पहिल्या ओळीचे शेवटचे दोन शब्द आणि दुसऱ्या ओळीचे पहिले दोन, एवढंच दहादा. मग दुसरीचा शेवट, तिसरीची सुरुवात. ओळींची पोटं सोडून द्यायची, नुसते सांधे घोटायचे. ध्रुवपदाचा शेवट आणि दुसऱ्या अंतऱ्याचा आरंभ हा सांधा रोज.

अभंगांना एवढे कष्ट लागले नाहीत, आणि का लागले नाहीत तेही या निमित्ताने कळलं. मोठ्या अभंगाच्या चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, साधारण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, आणि शेवटी संताची नाममुद्रा. दुसरा चरण आठवला की तिसऱ्याचा शेवट काय असणार ते कान सांगतो. 'तुका म्हणे' आलं की घर आलं. लिहिणं-वाचणं न येणाऱ्या माणसाच्या तोंडी चारशे वर्षं टिकावं अशी ती घडण आहे. भावगीतवाल्यांनी अक्षरांचे आणि यमकांचे खेळ मोकळे केले, ऐकायला छान झालं, पाठ करणाऱ्याची मात्र पंचाईत. काका म्हणतात तिकडे कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे दशावतारी बघ, त्यांना लिहिलेली संहिताच नसते, कथा ठरते आणि रात्रभर संवाद तिथल्या तिथे. खरं आहे, पण त्यांना शब्द बदलायची मुभा आहे. मी कवीचा शब्द बदलला तर पहिल्या रांगेतल्या आजी सोडतील का मला?

गणपतीत अडण्याचं आणखी एक कारण सापडलं. घरी आरत्या चालल्या होत्या. कोकणातल्या आरत्या म्हणजे तासभर, झांजा, टाळ्या, आणि मागच्या खोलीतून येणारा वेगळाच ताल. माझी नात बेंबीच्या देठापासून 'फळीवर वंदना' म्हणत होती. तिला सांगितलं, अगं, फणिवरबंधना. फणी म्हणजे साप, सापाचं बंधन कमरेला बांधलंय ज्याने तो. ती म्हणाली, "हो? मला वाटलं गणपती फळीवर बसवलाय म्हणून." चूक तिची नाहीच. आपण आरती कानाने पाठ करतो, आणि कान जवळात जवळचा ओळखीचा शब्द बसवून मोकळा होतो. 'संकटी पावावें'चं 'संकष्टी' असंच झालेलं.

आणि मग मनाला चाटून गेलं की दिवाळीला अडलेल्या त्या शब्दाचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. संस्कृत वळणाचा शब्द, चाळीस वर्षं नुसता नाद म्हणून गायलेला. रात्री शब्दकोश काढला. अर्थ कळल्यावर तो अंतरा पुन्हा कधी निसटला नाही. त्यानंतर मी तीसही गाण्यांतले असे शब्द वेचून काढले. सतरा निघाले. मराठी शिकवणाऱ्या मैत्रिणीला यातला आकडा मी अजून सांगितलेला नाही.

शेवटी कार्ड. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, पाठ कोरी असते, कापून हाताच्या पंजाएवढे तुकडे केले. एका कार्डावर चार गाणी. प्रत्येक गाण्याला ध्रुवपदाचा पहिला शब्द आणि प्रत्येक अंतऱ्याचा पहिला शब्द, जाड काळ्या पेनाने, चष्म्याशिवाय दिसेल एवढे. दुसऱ्या अंतऱ्याचा लाल. जिथे मुद्दाम थांबते तिथे चंद्रकोर, ही काकांकडून उसनी. पहाटे मतलई वारे सुटतात आणि सुटे कागद उडतात, म्हणून कार्डं पेटीला कपड्याच्या चिमट्याने लावायची. पूर्ण शब्द असलेली डायरी पेटीमागे, बंद करून ठेवायची. असते म्हणून धीर असतो. ती उघडावी लागली तर कार्डाचा उपयोग नाही, असं माझं मीच ठरवलं.

पुढच्या दिवाळी पहाटेला तोच मंडप, तोच तबलजी. आत्याला आदल्या रात्रीच फोन करून शुभेच्छा देऊन टाकल्या. चौदा गाणी होती. सहाव्या क्रमांकाला तेच भावगीत मुद्दाम ठेवलं. ध्रुवपदावर आले, लाल शब्द डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला, पण तोवर तो तोंडात आलेला होता. आजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, मी त्यांच्याकडे बघूनच अंतरा पुरा केला.

भैरवीचं कार्ड मी केलंच नव्हतं. शाळेत होते तेव्हापासून गातेय ती, तिला कसलं कार्ड? आणि नेमकी तिथेच, शेवटच्या अंतऱ्याच्या तोंडाशी, पाटी कोरी. स्वर धरून ठेवला. षड्ज लांबवला, एक छोटी हरकत घेतली, परत षड्जावर आले. काही नाही. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या काकांकडून एकच अक्षर आलं, समेच्या आधी, माझ्या श्वासात. उचललं आणि गेले.

नंतर दडप्या पोह्यांच्या ताटल्या फिरत होत्या. मी काकांसाठी एक घेऊन गेले.

"तीनदा बघितलंस कार्डाकडे," ते म्हणाले. "मी मोजलं."

"आणि भैरवीत?"

"तिथे तू थांबल्येस की अडल्येस ते मला आधी कळेना गो," काका म्हणाले. "त्या हरकतीने फसवलं. म्हणून उशीर झाला माझा."